स्टेटचा फॉर्म स्टेटनेच भरावा

मार्च उजाडला की न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टपर्यंत मराठी माणसांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "फेडरल झालं, स्टेट राहिलंय." म्हणजे केंद्राचं आयकर रिटर्न भरून झालं, राज्याचं बाकी आहे. फेडरलचा रिफंड किती येणार ते कळलेलं असतं, त्यामुळे त्यातला उत्साह संपलेला असतो. आता तेच पगाराचे, व्याजाचे, डिव्हिडंडचे आकडे दुसऱ्या सरकारला पुन्हा सांगायचे असतात. माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेतल्या राज्यांनी आयकर जरूर घ्यावा आणि स्वतःच्या दराने घ्यावा. पण ज्याचं उत्पन्न पगार आणि बँकेचं व्याज यापलीकडे जात नाही, त्याला कोरा फॉर्म देऊन बसवू नये. राज्याने स्वतः हिशेब करून पाठवावा, माणसाने तो तपासावा, पटला तर मान्य म्हणावं, नाही पटला तर दुरुस्त करावा.

टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी, साउथ डकोटा, वायोमिंग, अलास्का आणि न्यू हॅम्पशायर ही नऊ राज्यं पगारावर कर घेत नाहीत. ऑस्टिन-डॅलसची मंडळी या विषयावर बोलताना थोडी हसतात ती त्यामुळेच. (त्यांचा घराचा प्रॉपर्टी टॅक्स विचारला की हसू मावळतं.) उरलेली ४१ राज्यं आणि राजधानीचा वॉशिंग्टन डीसी मिळून इतकीच निरनिराळी करखाती, फॉर्म आणि व्याख्या आहेत. फेडरलची मुदत १५ एप्रिल, व्हर्जिनियाची १ मे, लुइझियानाची १५ मे. फेडरल आणि स्टेट एकत्र ई-फाइल केलं आणि फेडरल काही कारणाने परत आलं, तर त्याला जोडलेलं स्टेटही परत येतं. मग फेडरल दुरुस्त होऊन 'अ‍ॅक्सेप्टेड' असा ईमेल आला की माणूस निर्धास्त होतो. स्टेट पुन्हा पाठवायचं राहून गेलंय हे त्याला राज्याच्या नोटिशीतून कळतं.

आणि ती नोटीस येते कुठून, हे बघण्यासारखं आहे. न्यू जर्सीत तुमचा मालक डब्ल्यू-२ ची (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या फॉर्मची) माहिती राज्यालाही पाठवतो. बँक आणि ब्रोकर व्याज-डिव्हिडंडचा १०९९ हा फॉर्म आयआरएसला, म्हणजे केंद्राच्या करखात्याला, पाठवतात. फेडरल करकायद्याच्या कलम ६१०३ मध्ये आयआरएसने ही माहिती राज्यांच्या करखात्यांना द्यावी याची रीतसर सोय आहे. म्हणजे तुमचं उत्पन्न राज्याला ठाऊक असतं. तुम्ही काही सांगायचं विसरलात तर त्याच माहितीच्या जोरावर ते व्याज आणि दंड लावून पत्र पाठवतं. फेडरल रिटर्न नंतर बदललं, तर न्यू जर्सीला ९० दिवसांत आणि कॅलिफोर्नियाला सहा महिन्यांत कळवा, असा वर नियम आहे. माहिती हाताशी असून ती फक्त चूक पकडायला वापरायची आणि फॉर्म भरून द्यायला वापरायची नाही, हे मला खटकतं.

यावर ठरलेलं उत्तर असं, की स्टेटचा हिशेब फेडरलपेक्षा वेगळा असतो, म्हणून फॉर्मही वेगळा लागतो. बहुतेक राज्यं फेडरलच्या उत्पन्नाच्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि त्यात थोडी अधिक-उणी करतात. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया तसं करत नाहीत. त्यांची उत्पन्नाची व्याख्याच स्वतःची आहे. मंडळातल्या नव्या मुलांना रिटर्नमध्ये थोडी मदत करायची सवय असल्यामुळे दरवर्षी कुणीतरी डब्ल्यू-२ पुढे सरकवून म्हणतं, "काका, कंपनीने घोळ घातलाय. बॉक्स १ मध्ये पगार कमी आहे आणि बॉक्स १६ मध्ये जास्त." कंपनीने घोळ घातलेला नसतो. बॉक्स १ फेडरलचा, बॉक्स १६ स्टेटचा. पगारातून करपूर्व कापलेला मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता फेडरल उत्पन्नात धरला जात नाही, न्यू जर्सी धरते. एचएसए या औषधपाण्यासाठीच्या बचत खात्यात टाकलेले पैसे फेडरल सोडून देतं, न्यू जर्सी सोडत नाही. ४०१(के) ही नोकरीतली निवृत्ती बचत दोघांनाही चालते. पण रटगर्स विद्यापीठात किंवा एखाद्या हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्याचं ४०३(बी) हे तसंच निवृत्ती खातं असलं, तर त्यात टाकलेल्या पैशावर न्यू जर्सी त्याच वर्षी कर घेते. शेअर बाजारात वर्षभरात नुकसान झालं तर फेडरल तीन हजार डॉलरपर्यंत ते पगारातून वजा करू देतं. न्यू जर्सी एका प्रकारच्या उत्पन्नातलं नुकसान दुसऱ्या प्रकारातून वजाच करू देत नाही.

एवढं सगळं वाचल्यावर वाटेल, बापरे, मग वेगळा फॉर्म हवाच. पण नीट बघा. यातलं जवळजवळ प्रत्येक वेगळेपण मालकाने बॉक्स १६ भरतानाच हिशेबात घेतलेलं असतं. राज्याला हवा तो आकडा राज्याच्या पद्धतीने काढून राज्याकडे गेलेला असतो. कर्मचारी फक्त तो बॉक्स १६ मधून उचलून एनजे-१०४० या राज्याच्या फॉर्मवर लिहितो. म्हणजे हिशेब कंपनीच्या पेरोल खात्याने केला, आकडा राज्याने ठेवून घेतला आणि नक्कल करायचं काम तुमच्या गळ्यात पडलं.

राज्याला खरंच ठाऊक नसतात अशा गोष्टी मोजक्या आहेत. त्यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे घरभाडं. न्यू जर्सीत भाडेकरूने वर्षभरात दिलेल्या भाड्याच्या १८ टक्के रक्कम प्रॉपर्टी टॅक्स म्हणून धरली जाते आणि ती करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. महिना २,५०० डॉलर भाडं देणारं जोडपं वर्षाला ३०,००० देतं. त्याचे १८ टक्के ५,४००. दोघांचं मिळून करपात्र उत्पन्न लाख-सव्वा लाखाच्या घरात असेल तर ५.५२५ टक्क्यांच्या दराने सुमारे २९८ डॉलर वाचतात. नवीन आलेल्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं. "आम्ही घर घेतलेलं नाही, आमचा कसला प्रॉपर्टी टॅक्स" म्हणून ते तो प्रश्न 'नाही' म्हणून पुढे ढकलतात. राज्याने भरून पाठवलेल्या फॉर्मवर 'तुम्ही भाड्याने राहता का, भाडं किती' हा एक प्रश्न ठळक विचारला, तर आजच्यापेक्षा जास्त लोकांना ही सवलत मिळेल. आज ती सॉफ्टवेअरच्या चाळिसाव्या पडद्यावर कुठेतरी दडलेली असते.

राज्याचा आयकरच काढून टाका, असं काही जण म्हणतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. न्यू जर्सीत हा कर कुठून आला ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ती हकीकत आपल्या लोकांना क्वचित माहीत असते. १९७३ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध केहिल या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शाळांचा खर्च मुख्यतः गावोगावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर टाकणं घटनेत बसत नाही. श्रीमंत गावाची शाळा चांगली आणि गरीब गावाची वाईट, हे चालणार नाही. विधिमंडळाने कायदा केला पण पैशांची सोय केली नाही. १९७६ च्या जुलैपासून न्यायालयाने शाळांवर पैसे खर्च करायलाच मनाई केली आणि राज्यातल्या शाळा बंद पडल्या. उन्हाळा होता, त्यामुळे मुलांचं फारसं अडलं नाही, पण आमदारांचं अडलं. आठवडाभरात आयकराचा कायदा मंजूर झाला आणि गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी त्यावर सही केली. सुरुवातीचा दर दोन ते अडीच टक्के होता. लोक इतके चिडले, की हा गृहस्थ पुन्हा निवडून येत नाही असं सगळे धरून चालले होते. १९७७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. या कराचा पैसा प्रॉपर्टी टॅक्सचा भार हलका करण्यासाठीच वापरायचा, हे राज्याच्या घटनेतच लिहून ठेवलंय, आणि शाळांना मिळणारी राज्याची मदत त्यातूनच जाते. आपल्यातली निम्मी माणसं न्यू जर्सीत घर घेताना आधी शाळा बघतात. त्या शाळांमागे उभा असलेला कर नको म्हणणं आपल्याला शोभत नाही.

"भारतात बघा, एकच रिटर्न, राज्याची कटकटच नाही," हेही नेहमी ऐकू येतं. खरं आहे. शेतीखेरीज उत्पन्नावरचा कर हा घटनेच्या केंद्रसूचीतला विषय आहे. महाराष्ट्रातल्या नोकरदाराला राज्याचा हात जाणवतो तो पगारपत्रकातल्या पीटीच्या (व्यवसाय कराच्या) ओळीत. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००, आणि याच्या वर जायची घटनेचीच परवानगी नाही. त्यासाठी कर्मचाऱ्याला काहीही भरावं लागत नाही, मालक कापून जमा करतो. पण या सुटसुटीतपणाची किंमत आहे. प्रत्यक्ष कराच्या वसुलीत महाराष्ट्र देशात पहिला. कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत असल्याने तो आकडा थोडा फुगतो, हे मान्य. तरी पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतून राज्यांना वाटायच्या ४१ टक्क्यांतला महाराष्ट्राचा वाटा ठरवला तो ६.३१७ टक्के. सेस आणि सरचार्ज तर वाटपात येतच नाहीत. गरीब राज्यांना जास्त मिळावं हे तत्त्व मला मान्य आहे. पण आपल्या नागरिकांच्या उत्पन्नावर किती कर लावायचा हे ठरवायचा अधिकारच नसलेलं राज्य दर पाच वर्षांनी आयोगापुढे गाऱ्हाणं मांडत उभं राहतं. ट्रेंटनला, म्हणजे न्यू जर्सीच्या राजधानीला, तशी वेळ येत नाही. शाळा चालवायला पैसे हवेत, तर ते स्वतः दर वाढवतं आणि मतदारांच्या शिव्याही स्वतः खातं. लोकशाहीला हे जास्त धरून आहे.

भारताकडून घ्यावं असं एक मात्र आहे. पुण्या-नाशिकात आई-वडिलांचं आयटीआर-१ भरायला मदत केली असेल तर पाहिलं असेल: पोर्टल उघडलं की पेन्शन, बँकेचं व्याज, कापलेला टीडीएस हे बहुतेक आधीच भरलेलं असतं. जे काम भारताचं आयकर खातं कोट्यवधी लोकांसाठी करतं, ते न्यू जर्सीला झेपणार नाही हे मला पटत नाही.

कर दोन पण रिटर्न एक, हे जमवणारे देशही आहेत. कॅनडात १९६२ पासूनच्या करारांनुसार केंद्राचं महसूल खातं प्रांतांचाही आयकर गोळा करतं. ओंटारिओतला माणूस एकच रिटर्न भरतो, त्यात प्रांताचं एक पान असतं. दर प्रांताचे, उत्पन्नाची व्याख्या सामायिक. एकटं क्युबेक वेगळं राहिलं, तिथे आजही दोन रिटर्न भरावी लागतात. २०१८ मध्ये क्युबेकच्या विधानसभेने एकमताने एकच रिटर्न मागितलं, मात्र ते गोळा क्युबेकने करावं आणि केंद्राचा हिस्सा केंद्राला द्यावा या अटीवर. ही मागणी विचित्र वाटेल, पण स्वित्झर्लंडमध्ये नेमकं तसंच चालतं. केंद्राचा प्रत्यक्ष करही तिथे कँटन, म्हणजे तिथली राज्यं, गोळा करतात.

अमेरिकेतही हा प्रयत्न होऊन गेलाय, आणि तो कसा बारगळला यात बरंच शिकण्यासारखं आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये फिलाडेल्फियात ज्या महसूल वाटपाच्या कायद्यावर सही केली, त्यातच राज्यांना एक सवलत देऊ केली होती: तुम्ही तुमचा आयकर फेडरलच्या व्याख्येला जोडून घ्या, आयआरएस तो तुमच्यासाठी गोळा करेल, खर्च आमचा. फुकट वसुली! तरीही एकही राज्य पुढे आलं नाही. अठरा वर्षं ती तरतूद कायद्याच्या पुस्तकात पडून राहिली आणि १९९० मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) ती गुपचूप काढून टाकली. राज्यांना भीती होती ती व्याख्येची. काँग्रेसने वॉशिंग्टनमध्ये एखादी सूट दिली की ट्रेंटन आणि कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो यांच्या तिजोरीला आपोआप भोक पडणार. ही भीती पोकळ नव्हती. जुलै २०२५ च्या केंद्राच्या करकायद्यानंतर बऱ्याच राज्यांना यातलं काय स्वीकारायचं आणि काय नाही हे घाईघाईने ठरवावं लागलं. उलट टोकाला कॅलिफोर्निया. तिथला कायदा २०१५ च्या फेडरल कायद्यालाच जोडलेला राहिला. तो २०२५ मध्ये पुढे आणला, तोपर्यंत दहा वर्षं कॅलिफोर्नियाचा करदाता एका हातात नवा आणि एका हातात जुना कायदा घेऊन बसला होता.

म्हणून वसुली आयआरएसकडे सोपवा असं मी आज म्हणणार नाही. आणखी एक कारण आहे. आयआरएसने लोकांना थेट फुकट रिटर्न भरता यावं म्हणून डायरेक्ट फाइल नावाची सोय २०२४ मध्ये १२ राज्यांत सुरू केली. २०२५ मध्ये ती २५ राज्यांत गेली, न्यू जर्सीही त्यात आली. फेडरल भरून झालं की तीच माहिती स्टेटच्या फॉर्मकडे पाठवता येत असे. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहितोय ते जवळपास हातात आलं होतं. २०२६ च्या हंगामासाठी ती सोयच बंद झाली. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये करदात्यांची माहिती इमिग्रेशन खात्याला देण्याचा करार आयआरएसने केला, त्यावरून कोर्टकज्जे झाले. असल्या वातावरणात आणखी माहिती आणि आणखी अधिकार वॉशिंग्टनकडे नेऊ नयेत असं एखाद्या राज्याला वाटलं, तर मी त्याला दोष देणार नाही. राज्याने आपल्या हातातलं काम आपण करावं. त्याला वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही.

कॅलिफोर्नियाने ते करूनही दाखवलं होतं. २००५ मध्ये तिथल्या करखात्याने रेडीरिटर्न नावाचा प्रयोग केला. एकाच ठिकाणी नोकरी करणाऱ्या, साध्या हिशेबाच्या लोकांना राज्याने भरलेलं रिटर्न पाठवलं. ज्यांनी वापरलं त्यांच्यातल्या बहुतेकांना ते आवडलं. स्टॅनफर्डचे कायद्याचे प्राध्यापक जोसेफ बँकमन यांनी ही कल्पना विधिमंडळात टिकावी म्हणून स्वतःच्या खिशातून लॉबीइस्ट नेमला. समोर टर्बोटॅक्स हे रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर बनवणारी इन्ट्युट ही कंपनी होती. राज्याच्या कंट्रोलर (मुख्य हिशेब अधिकारी) पदाच्या २००६ च्या निवडणुकीत या कंपनीने रेडीरिटर्नच्या विरोधातल्या उमेदवारासाठी दहा लाख डॉलर ओतले. तो उमेदवार हरला, पण प्रयोगही कधी मोठा झाला नाही आणि पुढे राज्याच्या साध्या ऑनलाइन फॉर्ममध्ये विरून गेला.

त्या कंपन्यांचा जीव स्टेटमध्ये का अडकलाय हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या शेवटच्या पडद्यावर कळतं. फेडरल फुकट किंवा स्वस्त, आणि सगळं भरून झाल्यावर 'स्टेटचे इतके डॉलर'. तोवर दोन तास गेलेले असतात, मुलं झोपायची असतात, माणूस कार्डाचा नंबर टाकून मोकळा होतो. 'फ्री' या शब्दाच्या जाहिरातींवरून इन्ट्युटला २०२२ मध्ये सगळ्या ५० राज्यांबरोबर १४ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. ज्या राज्यांनी हे पैसे वसूल केले, त्यांचाच वेगळा फॉर्म या धंद्याचं गिऱ्हाईक तयार करतो, याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. न्यू जर्सीचं स्वतःचं फुकट पोर्टल आहे, ते वापरावं. पण तिथेही सगळे आकडे पुन्हा हाताने टाकावे लागतात.

राज्याने भरलेला फॉर्म सगळ्यांना पुरणार नाही. एडिसनहून मॅनहॅटनला नोकरीला जाणाऱ्याला आधी न्यू यॉर्कचं अनिवासी रिटर्न भरावं लागतं आणि तिथे दिलेल्या कराची वजावट मग न्यू जर्सीत मागावी लागते. घरून काम केलं तरी न्यू यॉर्क तो दिवस बहुधा आपलाच धरतं. (फिलाडेल्फियाला जाणाऱ्याची यातून सुटका आहे. पेनसिल्व्हेनियाशी न्यू जर्सीचा जुना करार आहे, पण शहराचा वेगळा कर चुकत नाही.) पुण्यात फ्लॅट भाड्याने दिलेल्याचं दुखणं आणखी वेगळं. भाड्यावर भारतात ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो, तिथे भरलेल्या कराची वजावट फेडरल देतं, पण न्यू जर्सी फक्त अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यांना आणि शहरांना दिलेल्या कराची देते. भारत-अमेरिका करार १९८९ चा असला तरी तो दोन केंद्र सरकारांमधला. ट्रेंटनच्या लेखी कोथरूडमध्ये दिलेला कर दिलेलाच नसतो. अशा माणसांना सीपीए (अमेरिकेतला सीए) लागणार, आणि लागो. पण त्यांच्यासाठी म्हणून शाळेतल्या मदतनिसाला, गोदामात काम करणाऱ्याला आणि पहिल्या नोकरीतल्या पोराला तोच फॉर्म का?

सरकार आपल्या सोयीचा आकडा भरेल आणि लोक न बघता मान्य करतील, असा आक्षेप येईल. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून मान्य न करता स्वतःचं रिटर्न भरायची मुभा आजच्यासारखीच राहिली पाहिजे, आणि राज्याच्या चुकीने कर कमी लागला तर दंड माणसाला लागता कामा नये. आज नेमकं उलटं आहे: माहिती राज्याकडे, चूक झाली तर दंड तुम्हाला.

मेडिकलचा हप्ता, एचएसए आणि ४०३(बी) फेडरलसारखे धरा, ही मागणीही योग्यच आहे, पण तिने राज्याचं उत्पन्न घटतं, त्यामुळे ती दरवर्षी मागे पडते. भरलेला फॉर्म पाठवा या मागणीने राज्याला कराचा एकही दर किंवा सवलत बदलावी लागत नाही. न्यू जर्सीच्या प्रत्येक मतदारसंघातून एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य ट्रेंटनला जातात. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला मत नाही, पण कर आहे. ज्यांना मत आहे अशी आपली माणसं मिडलसेक्स काउंटीत आता पुष्कळ आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ स्वीकारायला हे सदस्य येतात, तेव्हा फोटो झाल्यावर त्यांच्याशी या एका गोष्टीवर पाच मिनिटं बोलावं.